तरंगत्या मुलखाचं शेपूट

१

इंदोऱ्याच्या वाचनालयातून सोनंनाणं चोरीला गेलं असतं तर मोहल्ल्याने आधी चोराचं कौतुक केलं असतं, कारण तिथे सोनंनाणं कधी नव्हतंच. गेली ती सहा पानं. १९७३ सालच्या डिसेंबरात, एका शनिवारी सकाळी, चिटणीस आनंदरावांनी शिक्का मारायला म्हणून कपाट उघडलं, 'अंकुर'चा नवा अंक बाहेर काढला, मागून चाळला आणि ते मटकन बाकावर बसले.

"यमुताई," ते म्हणाले, "शेवट कापून नेला कोणंतरी."

यमुताई तेव्हा कोपऱ्यात स्टोव्हवर बांधणीची खळ शिजवत होत्या. मैद्याची खळ, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे उंदीर आणि झुरळं पुस्तकांच्या वाटेला जात नाहीत. त्या पन्नाशीच्या. दुपारभर विड्या वळायच्या आणि सकाळ-संध्याकाळ वाचनालय सांभाळायचं, पगार नाही. वाचायला त्या बत्तिसाव्या वर्षी, प्रौढांच्या वर्गात शिकल्या. उशिरा वाचायला शिकलेल्या माणसाला एक खोड लागते, ते काहीच न वाचता सोडत नाही. यमुताई साबणाच्या वेष्टणावरचं वजनसुद्धा वाचत.

'अंकुर' हे वाचनालयाचं हस्तलिखित. वर्षातून एकदा निघायचं, हाताने लिहिलेलं, आणि त्याची प्रत एकच. वाचनाच्या दिवशी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं आणि मग घरोघरी दोन-दोन दिवस फिरवायचं, अशी रीत. त्यात अग्रलेख असत, कविता असत, पण पोरांचा जीव अडकलेला असे तो 'तरंगता मुलूख' या गोष्टीत. गिरणीत मागावर काम करणारे देवाजी ती सात वर्षं लिहीत होते.

हा मुलूख म्हणजे काठ नसलेल्या पाण्यावर डुलणारं एक बेट. त्यावर रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप, सायाळींची आळी, बगळ्यांची चौकी आणि उंदरांचे बारा मोहल्ले. सगळे बोलणारे, आणि सगळे भांडखोर. पण कायदा एकच होता: आधी दुसऱ्याचं सांगायचं, मग आपलं. समोरच्याचं म्हणणं आपण त्याच्या मनासारखं परत सांगितलं, त्याने मान डोलावली, की मगच आपलं तोंड उघडायचं. त्यामुळे सायाळींची उंदरांविरुद्धची एक तक्रार तीन अंक चालली. सगळं बेट ज्याच्या पाठीवर होतं ते कासव मात्र सात वर्षांत एक अक्षर बोललं नव्हतं.

गोष्टीला एक शेपूटही असे. गिरणीत कापडाच्या ताक्याच्या अगदी शेवटच्या घडीत विणकराचा नंबर असतो, ताका पुरता उलगडल्याशिवाय तो दिसत नाही. देवाजींनी ती सवय इथे आणली होती. मागच्या पुठ्ठ्याला आतून कागदाची एक घडी, कडांनी चिकटवलेली, आणि तिच्यात चार ओळी. वाचन संपलं की सगळ्यांदेखत ती फोडायची. पोरं निम्मी त्यासाठीच यायची.

यंदाचं प्रकरण शेवटचं होतं. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने देवाजींची छाती खाल्ली होती आणि मोतीबिंदूने डोळे. दिसत होतं तेवढ्यात, दसऱ्याच्या सुमारास, त्यांनी मोठ्या मोठ्या अक्षरांत शेवट लिहून काढला, कुणाला दाखवला नाही आणि अंकात स्वतः शिवला. आता त्यांना ना वाचता येत होतं ना पुन्हा लिहिता. रविवारी चार वाजता त्यांना बाजेवर घालून वाचनालयात आणायचं ठरलं होतं. एकदा तो शेवट कानाने ऐकायचा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"उद्या चार वाजता त्याले काय सांगू?" आनंदरावांनी विचारलं. ते डाकखात्यात कारकून होते, चष्म्याआड डोळे नेहमी कोरडे. आज ते कोरडे नव्हते. "तुमीच पाहा यमुताई. तुमाले दिसते."

यमुताईंनी अंक खिडकीशी नेला. कापलेल्या पानांच्या बोटभर पट्ट्या शिवणीत उभ्या होत्या, कडा सरळ, ब्लेडने घेतलेल्या. म्हणजे उंदीर नव्हे. मागची घडी जशीच्या तशी चिकटलेली होती. तिच्यावर एक पुसट जांभळा गोल डाग होता. जयाच्या रंगाचा असेल, असं म्हणून यमुताईंनी तो सोडून दिला. त्या दिवशी त्यांनी सोडलेली तेवढी एकच गोष्ट, आणि पाणी नेमकं तिथेच मुरत होतं.

२

अंक शुक्रवारी दुपारी आला. कपाटाचं कुलूप केसातल्या आकड्यानेही उघडे. शुक्रवारी संध्याकाळी वाचनालयात आलेली माणसं तीन: देवाजींची मुलगी जया, मास्तर गोविंदा आणि स्वतः आनंदराव. चौथ्या यमुताई, पण स्वतःवर संशय घ्यायला त्यांना वेळ नव्हता.

जया अंगणात तांदूळ निवडत होती. बावीस वर्षांची, दरवर्षी मुलखातले प्राणी तीच काढायची. पलीकडे उन्हात बाजेवर देवाजी पडले होते, म्हणून यमुताईंनी तिला आत बोलावून हळूच सांगितलं. तिच्या हातातलं सूप खाली आलं. पहिला प्रश्न तिने केला तो असा:

"अन शेपूट? तेही नेलं का?"

शेपूट जागेवर आहे म्हटल्यावर तिच्या जिवात जीव आला, पण थोडाच. तिने शेवटचं प्रकरण वाचलं नव्हतं. बाबांनी लिहिल्यावर पानं उलटी धरून तिच्यापुढे ठेवली आणि एका कोऱ्या पानावर नुसतं पाणी काढ म्हणाले. रोही नको, बगळा नको, नुसतं पाणी. ती दोन दिवस पाणीच काढत बसली. 

पेन्सिली तासायला तिच्याकडे अर्धं ब्लेड होतं. यमुताईंनी ते पाहिलं. ते इतकं बोथट होतं की त्याने सहा पानं कापायची तर कडा चावल्यासारख्या झाल्या असत्या. मग त्यांनी सहज विचारलं, जांभळा रंग कधी वापरला?

"जांभळा? माह्याजवळ जांभळा हायच नाही आत्या. पाणी मी निळ्या-काळ्या शाईनं काढलं."

बाहेरून देवाजींनी हाक मारली. डोळ्यांनी दिसत नसलं तरी पावलं त्यांना ओळखू येत. "यमुताई का? उद्या मले न्याले चौघं लागतीन. पण रडणारे नका आणू, आधीच सांगून ठेवतो."

यमुताई हसल्या आणि हो म्हणाल्या. चोरीचं म्हाताऱ्यापासून लपवलं, हे त्यांना फाटकापर्यंत टोचत राहिलं. फाटकाशी जयाने त्यांचा हात धरला.

"आत्या, एक सांगू? गोविंदा मास्तर आठ दिवसांपासून मुलखाचा शेवट लिहून राहिला. मी त्याच्या पिशवीत पाह्यलं."

३

गोविंदा महापालिकेच्या शाळेत मास्तर. अक्षर मोत्यासारखं. गेली तीन वर्षं देवाजी सांगत आणि तो लिहून घेई. शेवटच्या प्रकरणाला मात्र देवाजींनी त्याला जवळ येऊ दिलं नव्हतं, आणि ते त्याला लागलं होतं.

यमुताई शाळेच्या ओट्यावर त्याला भेटल्या. चोरीचं ऐकताच तो उभाच राहिला.

"शेपूट शाबूत हाय ना?"

"हाय," यमुताई म्हणाल्या. "आता तुह्या पिशवीतलं काढ."

त्याचे कान लाल झाले. पिशवीतून सात ताव निघाले, वरती सुबक अक्षरांत 'तरंगता मुलूख: शेवट'. त्यात बेट काठाला लागत होतं, सगळ्या जमाती उतरून शाळा काढत होत्या आणि कासव घंटा वाजवत होतं. मास्तरांनी लिहिलं की शेवटी शाळाच निघायची, त्याला इलाज नाही.

देवाजींच्या हातून पुरं झालं की नाही हे अंक येईपर्यंत कळलं नव्हतं, म्हणून लिहून ठेवलं, असं त्याने सांगितलं. पण खुद्द देवाजींचा शेवट आला म्हटल्यावर आपला फाडून टाकणार होता.

"मंग फाडला काहून नाही?"

"आधी त्याचा ऐकाचा होता ताई. सात वर्षं झाले. कासव काहून बोलत नाही, हे मले अजून समजलं नाही. ते माहीत करून घेतल्याशिवाय मी कापीन कशाले?"

यमुताईंना हे पटलं आणि पटलं म्हणून वाईटही वाटलं. चोर सापडला असता तर पानंही सापडली असती. गोविंदाने निघताना आपले ताव पुढे केले आणि विचारलं, उद्या काहीच मिळालं नाही तर हेच वाचायचे का? म्हाताऱ्याला दिसत नाही, आपण सांगितल्याशिवाय त्याला कळणार नाही.

"ज्यानं विणलं त्याले आपलं कापड हातानं समजते," यमुताई म्हणाल्या. तरी त्यांनी ताव घेतले. उद्यापर्यंत एकच दिवस होता, आणि हातात काही नव्हतं.

४

रविवारी सकाळी त्या वाचनालयात एकट्याच बसल्या. सुचेना तेव्हा त्यांनी मुलखाचाच कायदा लावला. आधी दुसऱ्याचं सांगायचं, मग आपलं.

त्यांनी जयाचं म्हणणं मोठ्याने परत सांगितलं. समोर जया नव्हती, पण असती तर तिने मान डोलावली असती. मग गोविंदाचं सांगितलं. दोघांचं सांगताना एक गोष्ट दोनदा तोंडात आली: शेपूट आहे ना? दोघांनीही चोरी ऐकल्याबरोबर आधी तेच विचारलं होतं. मोहल्ल्यातल्या कुठल्याही पोराने तेच विचारलं असतं.

मग त्या आनंदरावांचं सांगायला लागल्या. शिक्का मारायला म्हणून अंक काढला, मागून चाळला, शेवट कापलेला दिसला. बस. इथे त्या अडखळल्या. आनंदरावांनी शेपटाचं नावच काढलं नव्हतं.

आणि शिक्का. वाचनालयाचा गोल शिक्का प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर, अंक पूर्ण असल्याची खूण म्हणून, चिटणिसाने मारायचा. त्याची शाई जांभळी.

यमुताईंनी अंक उघडला. तो जांभळा डाग आता त्यांना नुसता डाग वाटेना. दाराशी खिळ्याला हातभर आरसा लटकत होता, येणाऱ्यांनी केस नीट करावेत म्हणून. त्यापुढे त्यांनी मागची घडी धरली. आरशात पुसट गोलाच्या कडेने अक्षरं सुलट उभी राहिली. अर्धी पुसलेली होती, पण 'वाचनालय, इंदोरा' एवढं नीट वाचता येत होतं.

शिक्का शेवटच्या पानावर मारला गेला होता. तो ओला असतानाच अंक मिटला, म्हणून त्याची उलटी छाप समोरच्या घडीवर उठली. पान नंतर कापलं गेलं. म्हणजे पान कापलेलं पाहिलं म्हणणाऱ्यानेच ते आधी धडधाकट पाहिलं होतं.

यमुताईंनी अंक फडक्यात बांधला. मग त्या आनंदरावांच्या घराकडे निघाल्या.

५

आनंदरावांच्या घरी भिंतीवर फक्त घड्याळ आणि एक फोटो. माणूस सरळ. अंधश्रद्धेवर त्यांनी इतकी भाषणं दिली होती की मांजर आडवं गेलं तर पोरं मुद्दाम त्यांच्याकडे पाहत. बोलणाऱ्या प्राण्यांच्या गोष्टी त्यांना पोरखेळ वाटत. 'अंकुर'मधले अग्रलेख वाचायचे आणि शेवटी शिक्का मारायचा, एवढाच त्यांचा हस्तलिखिताशी संबंध; वाचनाच्या दिवशी गोष्ट सुरू झाली की ते उठून घरी जात.

यमुताईंनी डागाचं सांगितलं. आनंदरावांनी चष्मा पुसला आणि शिक्का दुसऱ्या कुणी मारला असेल, असं म्हणाले.

"शिक्क्याच्या डबीची किल्ली तुमच्या खिशात राहते," यमुताई म्हणाल्या. "अन डाग जाऊ द्या. चोरानं सहा पानं नेले आन शेपूट ठेवलं. ज्यानं गोष्ट एकडाव तरी वाचली, तो शेवट चोरतानी शेपूट मागं ठेवणार नाही. जया ठेवणार नाही, गोविंदा ठेवणार नाही. तुमाले ते हाय हेच माहीत नव्हतं. शुक्रवारी तुमी सवयीनं आधी शिक्का मारला, मंग वाचलं. आधी वाचलं असतं तं शिक्का मारला नसता."

 मग आनंदराव उठले. त्यांनी पेटी उघडली आणि तळातून एक पांढरा सदरा काढला. छप्पन साली, धम्मदीक्षेच्या दिवशी घातलेला तो. त्याच्या घडीत सहा पानं होती.

"त्या दिवशी मी अन देवाजी एकाच रांगेत उभे होतो," ते म्हणाले. "सदरा त्याचा होता. माह्याजवळ पांढरा नव्हता. दोन होते त्याच्यापाशी, त्यातला चांगला मले देल्ला."

यमुताईंनी पानं मोजून पाहिली.

"कासव खाली जाते, यमुताई. सात वर्षं वजन झेललं अन आता जाते. नुसतं पाणी राहते. मी ते वाचलं अन मले समजलं, थो सोतावरच लिहून राहिला. हे ऐकाचं म्हणूनच थो तगून हाय. ऐकलं का गेला." त्यांनी सदऱ्याची घडी पुन्हा घातली. "ऐकल्यानं कोणी मरत नाही, हे मीच सांगत फिरतो. माह्याच तोंडानं. अन त्याच शुक्रवारी, दिवेलागणीलेच, माह्या हातानं ब्लेड घेतलं. आता कोणाले सांगू?"

यमुताईंना हसू आलं असतं तर कुणी दोष दिला नसता. पण त्यांना भडभडून आलं. एवढा मोठा माणूस, आणि लाज कशाची तर मित्र जाऊ नये असं वाटल्याची.

"कायदा हाय ना मुलखात," त्या म्हणाल्या. "चार वाजता या. आधी त्याचं सांगा, मंग आपलं."

"आन ऐकून थो गेला तं?"

"मंग ऐकून जाईन. न ऐकता जाणं त्याच्यापेक्षा वाईट."

६

चार वाजता देवाजींची बाज वाचनालयात आली. उचलणारे चौघंही सांगितल्याप्रमाणे हसतमुख होते. पोरं खिडक्यांत चढली होती. गोविंदा वाचणार असं सगळे धरून होते, पण उठले आनंदराव, हातात सहा सुटी पानं घेऊन. जयाने यमुताईंकडे पाहिलं. यमुताईंनी डोळ्यांनीच तिला बसवलं.

आनंदरावांना प्राण्यांचे आवाज काढता येत नव्हते. त्यांनी रोही, सायाळ आणि उंदीर सगळे टपालाच्या पावतीसारखे वाचले. तरी कुणी हाललं नाही. मुलखात मोठं भांडण पेटलं होतं, बारा मोहल्ल्यांनी कायदा मोडायचं ठरवलं, सगळे एकदम बोलू लागले. आणि त्या गलक्यात बेट खचलं. पाणी उंदरांच्या कानांपर्यंत आलं, सायाळींच्या काट्यांपर्यंत आलं, रोह्यांच्या गुडघ्यांपर्यंत आलं. कासव खाली निघालं होतं. शेवटची ओळ वाचताना आनंदरावांना दोनदा थांबावं लागलं: 'मग पाण्यावर काहीच उरलं नाही.'

पोरांची तोंडं उघडी राहिली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. बाजेवर देवाजी डोळे मिटून पडले होते. छाती हलते की नाही, हे पाहायला जया पुढे वाकली.

"हे त्याचं झालं," आनंदराव म्हणाले. "आता माझं सांगतो." आणि त्यांनी सगळं सांगितलं: ब्लेड, सदरा, भीती. भाषणांचंही सांगितलं. काही लपवलं नाही, आणि सांगून झाल्यावर खाली मान घालून शिक्षेची वाट पाहत उभे राहिले.

बाजेवरून खोकल्यासारखा आवाज आला. लोकांनी धसकून पाहिलं. देवाजी हसत होते.

"आनंदा," ते म्हणाले, "सात वर्षांत एकही शेपूट वाचलं नाही ना तू? फोड आता. तुह्याच हातानं."

आनंदरावांनी अंक घेतला. जांभळ्या डागाच्या कडेने नख घातलं आणि घडी सोडवली. आत मोठ्या, थरथरत्या अक्षरांत लिहिलेलं होतं. ते त्यांनी वाचलं:

'मग कासव वर आलं. सगळे ओले होते आणि फार चिडले होते. कुठे गेला होतास, असं त्यांनी विचारलं. कासव कायद्याने चालणारं. सात वर्षांत जो जो जे जे बोलला ते सगळं त्याने आधी परत सांगितलं, म्हणून त्याला इतके दिवस बोलता आलं नव्हतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा ते आपलं बोललं: पाठ खाजवत होती.'

 मग खिडकीतलं एक पोर फिसकन हसलं, आणि वाचनालयाचं टिनाचं छप्पर उडतं की काय असं झालं. गोविंदा भिंतीला टेकून हसत होता आणि डोळे पुसत होता. आनंदराव हसले नाहीत. ते बाजेशी जाऊन खाली बसले आणि देवाजींच्या पायावर हात ठेवून तसेच राहिले.

"लेका," देवाजी म्हणाले, "पान उलटून तरी पाह्यचं."

सहा पानं यमुताईंनी मोरचुदाची खळ लावून पुन्हा पट्ट्यांना जोडली. जांभळा डाग पुसू का, असं त्यांनी विचारलं होतं. राहू दे, म्हणाले देवाजी.

फाल्गुनात ते गेले. झोपेत. शेवट ऐकल्याला तीन महिने होऊन गेले होते. घाटावरून परतताना आनंदराव यमुताईंच्या बाजूने चालत होते. नारा रोडचं वळण आलं. मग अगदी हळू, कुणी ऐकू नये म्हणून, त्यांनी विचारलं, "यमुताई, याचंही शेपूट असन का?"

"नाही," यमुताई म्हणाल्या. त्या खोटं बोलत नसत, आणि आनंदरावांशी तर नाहीच. "ते आपल्यालेच लिहा लागन."

पुढच्या डिसेंबरात 'अंकुर' निघाला. त्यात 'तरंगता मुलूख' नव्हता. बांधणी तपासताना यमुताईंचं बोट मागच्या पुठ्ठ्यावर थांबलं. आतून कागदाची एक घडी होती, कडांनी वेडीवाकडी चिकटवलेली, खळ सगळीकडे सांडलेली. उजेडाकडे धरल्यावर आतलं अक्षर कारकुनी, सरळ, एकसारखं दिसत होतं. 'कासव' हा शब्द दोनदा आला होता. शेवटच्या पानावर शिक्का मारायचा मात्र राहून गेला होता.